दोनाऐवजी एकच उपप्रमुख

अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातल्या आमच्या छोट्या राज्याच्या विधानभवनात, नव्या कायद्यावर लोकांचं म्हणणं ऐकणाऱ्या समितीच्या खोलीबाहेर मी बसून होतो. शेजारी राज्याच्या स्वतःच्या सेनेच्या गणवेशातली एक ब्रिगेडियर बाई होती, आणि तिचे शेतकरी वडील.

"कोलेट, मेपलच्या झाडाचा रस पाकासाठी चुलीवर आटत सोडून आलोय. या कायद्यात आहे तरी काय?"

"राज्याच्या सेनेत कोणत्या वरिष्ठ अधिकाऱ्याने काय करायचं, ते लिहिलंय, बाबा. सेनाप्रमुखाच्या हाताखाली आता एकच उपप्रमुख राहील."

"सध्या दोन आहेत ना? तू आणि तो दुसरा?"

"हो. तो माझ्याहून ज्येष्ठ आहे."

"म्हणजे तुझंच पद जाणार. मग आत जाऊन चांगलं ठणकावून सांग."

"मी कायद्याच्या बाजूने बोलणार आहे."

"का गं?"

"मागच्या पुरात आम्ही दोघांनी दोन वेगळे हुकूम दिले. मदतीचे ट्रक पुलापाशी अडकून पडले आणि माणसं सहा तास छपरांवर बसून राहिली."

"चूक तुझी होती?"

"हुकूम कोणाचा चालायचा, हे कुठे लिहिलेलंच नव्हतं. पण माणसं तर बसून राहिली ना, बाबा."



"तुझ्या आईला ठाऊक आहे?"

"कालच सांगितलं."

"आणि मला नाही?"

"तुम्ही आला नसतात."

"आलो असतो. जरा बरा कोट घालून आलो असतो."

दार उघडलं आणि आतून तिचं नाव पुकारलं गेलं. तिच्याआधी तिचे वडीलच उठून उभे राहिले.