गाडीची रजई

गाडीला रजईत झोपवणारा माणूस पाहिलाय का कुणी? आमचे बाबा थंडीभर आमच्या जुन्या डिझेल गाडीच्या बॉनेटवर रोज रात्री रजई टाकायचे. आम्ही हसायचो. ते गेले, तेव्हा तेराव्याला त्यांच्या अंथरुणाबरोबर तीही रजई आम्ही दान देऊन टाकली.

दुसऱ्या सकाळी कडाक्याच्या थंडीत गाडी सुरूच होईना. जवळच्या थाटीपुर बाजारातल्या मेकॅनिकने इंजिन तापवणारे हीटर प्लग काढले आणि एकेक बॅटरीला लावून पाहिला. एकच तापून लाल झाला.

"भैया, बाकी तो बरसों से मरे पड़े हैं. बाबूजी चलाते कैसे थे?"

मला दान दिलेली ती रजई आठवली.

नवे प्लग बसले आणि पहिल्याच चावीला गाडी सुरू झाली. मी खूश होऊन दारात उभ्या आईकडे पाहिलं.

ती म्हणाली, "चला, आता हिलाही त्यांची गरज उरली नाही."