बुधवारचे दोन फोन

आई : अर्ध्यावर आणायचा म्हणजे? तीन हजार शब्दांचा होता ना लेख?

मुलगी : होता. आता ते दीड हजारच मागतायत. मोठा लेख नको, छोटी नोंद म्हणून छापतो, असं जर्नलनं कळवलंय. तक्ते चार होते, त्यातला एकच ठेवायचा. संदर्भही पंधराच्या वर नकोत. तू वाचत राहा, मी खुणा करते. नववा झाला.

आई : दहावा. सहा नावं, आणि मग ‘इतर’. हे इतर म्हणजे कोण गं? राबले असतील बिचारे.

मुलगी : सहाच्या पुढची नावं द्यायची नाहीत, असा त्यांचा नियम आहे. वर्ष वाच.

आई : वर्ष राहू दे. चष्मा काढून ठेवते मी. आधी मला सांग, हा लेख एवढा आटला कशानं? नर्सचं नाव त्या हॉस्पिटलात आजवर कोणी लेखावर घातलं नव्हतं. माझ्या बहिणीचं घातलं, तिसरं, म्हणून मी अख्ख्या नात्यात सांगून बसलेय. आणि बाईसाहेब महिनाभर माझा फोन गेला की ‘वॉर्डात आहे’ म्हणून ठेवून देतात. तुम्हा दोघींचं काहीतरी शिजतंय.

मुलगी : शिजत नाहीये, शिजून झालंय. मावशी तुला स्वतःच सांगणार होती. काल म्हणाली, तूच सांग, ताईसमोर माझ्या तोंडून सुरुवात होणार नाही.

आई : एवढं काय केलंय तिनं?

मुलगी : फोन केले नाहीत. दोन.

आई : बस? मला तर वर्षभर करत नाही.

मुलगी : तुला नव्हे. नीट ऐक, म्हणजे मध्येमध्ये विचारावं लागणार नाही. मधुमेहाचे एकशेवीस रुग्ण घेतले होते. सगळे पायाची जाणीव गेलेले, म्हणजे खडा रुतला तरी न कळणारे. त्यातल्या साठ जणांना मावशीनं सहा महिने आठवड्यातून एकदा फोन करायचा. उरलेल्या साठांना करायचा नाही, त्यांनी नेहमीसारखं तपासणीला यायचं. फोनवरचे प्रश्न ठरलेले. आज तळवे आरशात पाहिलेत का? कुठे फोड, चीर, लाली? शेवटी मोजायचं, कोणत्या गटात किती जणांचं बोट किंवा पाय कापावा लागला.

आई : आणि फोनवाल्यांचे कमी कापावे लागले. हे तिनं मला सांगितलंय, तेही दहा वेळा.

मुलगी : फोनवाल्यांत तीन, बाकीच्यांत अकरा. अभ्यास चालवणारे डॉक्टर खूश होते. लेख लिहून त्यांनी माझ्याकडे मांडणीला दिला. ओळींना आकडे घालणं, सारांश अडीचशे शब्दांत बसवणं, संदर्भ त्यांच्या पद्धतीनं लावणं, माझं नेहमीचंच काम. त्यात एक आकृती काढावी लागते, चौकटी आणि बाणांची. किती जण घेतले, किती शेवटपर्यंत राहिले, जे गळले ते का गळले. मी काढायला बसले, तर फोनच्या गटात घेतलेले साठ आणि तक्त्यात एकोणसाठ.

आई : एक कुठे गेला?

मुलगी : तक्त्याखाली बारीक अक्षरात टीप होती. एका रुग्णाशी संपर्क न झाल्याने त्यास वगळले आहे. पण चौकटीत कारण लागतं. घर बदललं, नंबर चुकला, काय असेल ते. रजिस्टर मावशीचं, म्हणून मी तिला सहज विचारलं.

आई : तू विचारलंसच का? नंबर चुकला असं टाकून मोकळी झाली असतीस.

मुलगी : टाकलं असतं, पण ती गप्प झाली ना. मावशी फोनवर गप्प झालेली तू कधी ऐकलीयस? मग म्हणाली, “नंबर बरोबर होता. मीच लावला नाही.”

आई : का पण?

मुलगी : तो रुग्ण म्हणजे एक आजोबा, घड्याळं दुरुस्त करायचे. आणि बोलायचे. बाकीच्यांचे प्रश्न चार मिनिटांत उरकत, यांना अर्धा तास. तळव्याचं विचारलं की हे भिंतीवरच्या घड्याळाच्या लंबकावर येणार. कोणाचं घड्याळ कशानं मागे पडतं, कोणी किती वर्षं नेलंच नाही, सगळं. वॉर्डची ड्युटी सांभाळून मावशीला रोज बारा फोन असत. म्हणून ती त्यांना बुधवारी सगळ्यात शेवटी ठेवायची. चौदाव्या आठवड्यात त्या बुधवारी वॉर्डात दोन नर्स कमी होत्या. अकरा फोन झाले, बारावा राहिला. तिनं रजिस्टरात लिहिलं, ‘लागला नाही.’

आई : एकदा होतं असं कोणाचंही.

मुलगी : एकदा झालं. पुढच्या बुधवारी वॉर्ड रिकामा होता. ती मला म्हणाली, “त्या दिवशी काहीच कारण नव्हतं. नुसता कंटाळा आला. आणि गेल्या वेळी लिहिलेलं पानावर समोरच होतं, तेच खाली उतरवलं.”

आई : पुढे?

मुलगी : सोळाव्या आठवड्यात लावला तर सुनेनं उचलला. आजोबा दुसऱ्या हॉस्पिटलात होते. नव्या चपलेनं फोड आला होता, तो चिघळला. गुडघ्याखाली पाय काढावा लागला.

आई : अगं देवा.

मुलगी : मावशीनं रजिस्टर तसंच पुढे दिलं. दोन आठवडे संपर्क नाही, मग रुग्ण दुसरीकडे दाखल. डॉक्टरांनी पाहिलं आणि वगळलं. दोन वर्षं त्यावर कोणी बोललं नाही.

आई : फोन केला असता तर पाय राहिला असता, असं कोणी छातीवर हात ठेवून सांगेल का?

मुलगी : नाही. मी पण तिला तेच म्हटलं. खरं सांगू? मी त्याहून पुढचंही म्हटलं. म्हटलं, मावशी, मी काही ऐकलं नाही, चौकटीत ‘संपर्क नाही’ एवढंच घालते. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा तुझं नाव छापून येतंय, जाऊ दे.

आई : मग शहाणपणाचंच बोललीस की.

मुलगी : ती कुठली ऐकतेय! दुसऱ्या दिवशी ओपीडी सुरू व्हायच्या आधी रजिस्टर काखेत मारून डॉक्टरांच्या खोलीत गेली. मला नंतर बोलावलं, आकडे पुन्हा करायचे म्हणून. मी पोचले तेव्हा दोघं समोरासमोर बसले होते आणि मध्ये ते पान उघडं होतं.

आई : ओरडला असेल. डॉक्टर लोक ओरडतात.

मुलगी : नाही. ते पेनाचं टोपण लावत होते, काढत होते. मला म्हणाले, “बसा. सिस्टरांनी लिहिलं होतं, फोन लागला नाही. का लागला नाही, हे मी विचारायला हवं होतं. आणि ज्याला ज्या गटात घातलं, त्याला त्याच गटात मोजायचं असतं, फोन होवो न होवो. हे मी विद्यार्थ्यांना शिकवतो. मोजलं नाही, कारण मोजलं की आकडा बिघडत होता.”

आई : म्हणजे त्यालाही ठाऊक होतं.

मुलगी : अर्धं ठाऊक होतं. उरलेलं कळू नये अशी सोय त्यांनी केली होती. मग आजोबांना परत घेतलं. साठातले चार आणि साठातले अकरा.

आई : तरी केवढा फरक आहे की गं. चार कुठे, अकरा कुठे.

मुलगी : दिसायला आहे. पण असा फरक नुसत्या योगायोगानं पडण्याची शक्यता किती, ते काढतात. शंभरात पाचाच्या आत असेल तर जर्नलवाले मान डोलावतात. आधी अडीच होती. आजोबांना धरल्यावर पाचाच्या जराशी वर गेली. सारांशातला ‘लक्षणीय’ हा शब्द मी त्यांच्यासमोरच खोडला. शेवटचा परिच्छेद नव्यानं लिहिला. का बदललं तेही लिहिलं, दोन आठवडे फोन केला गेला नव्हता म्हणून. त्यावर जर्नल म्हणालं, छापू, पण छोटं.

आई : आणि तिचं नाव?

मुलगी : ते तिनंच काढायला सांगितलं. डॉक्टर म्हणाले, काढता येणार नाही. शेवटी एका फॉर्मवर प्रत्येकानं सही करायची असते, कोणी काय काम केलं त्याची. ते म्हणाले, “फोन तुम्ही केलेत. न केलेलेही तुमचेच. उद्या कोणी विचारलं तर उत्तर कोण देणार? नाव त्यासाठी असतं, मिरवायला नसतं.” मावशीनं सही केली.

आई : आता मी नातेवाइकांना काय सांगू?

मुलगी : काही सांगू नकोस. छापून आलं की दाखव. ते एक हजार चारशे ऐंशी शब्द किती जण वाचणार आहेत?

आई : थट्टा नको. तिला बोलव इकडे. एकटी बसून काय कुढतेय?

मुलगी : कुढत नाहीये. ती आज त्या आजोबांकडे गेलीय. तिथून सरळ इथेच येते म्हणाली.

आई : त्यांच्या घरी? आणि तू हे आत्ता सांगतेस?

(दारावरची घंटा वाजते. मुलगी दार उघडते, मावशी आत येते.)

आई : ये. बस आधी. पाणी घे. मला सगळं कळलंय, ते पुन्हा सांगायची गरज नाही.

मावशी : रागावलीस, ताई?

आई : रागावलेय. ते मी नंतर बघते. तिथे काय झालं ते सांग.

मावशी : दहाला पोचले. सुनेनं दार उघडलं. ओळखलं नाही तिनं, आवाजावरून ओळखलं. आत आजोबा टेबलाशी बसलेले, डोळ्याला भिंग लावून. कृत्रिम पाय भिंतीला टेकवून ठेवलेला. घरात घालत नाहीत म्हणाले, काचतो. मी उभ्यानंच सांगितलं. बसले असते तर बोलता आलं नसतं.

मुलगी : काय सांगितलंस?

मावशी : जे झालं ते. पहिल्या बुधवारी वेळ नव्हता, दुसऱ्या बुधवारी होता. सुनेनं हातातलं भांडं खाली ठेवलं आणि ती आतल्या खोलीत निघून गेली. पुन्हा बाहेर आली नाही.

आई : आणि ते?

मावशी : त्यांनी भिंग काढलं. पुसलं. मग म्हणाले, “फोड मला पहिल्या बुधवारीच दिसला होता. सकाळी आरशात. सुनेला दाखवला नाही, उगाच धावपळ करते म्हणून. म्हटलं, आज बाईंचा फोन आहेच, त्यांना सांगू.”

आई : सांगितलं असतं म्हणजे...

मावशी : हो. सांगितलं असतं. मी लगेच बोलावून घेतलं असतं. एवढ्यासाठीच तर फोन होता.

मुलगी : थांब, मावशी. फोन नसता तर काय केलं असतं, असं विचारलंस त्यांना?

मावशी : त्यांनी आपणहून सांगितलं. पूर्वी काही झालं की रिक्षा करून ओपीडीत येऊन बसायचे. फोन सुरू झाल्यापासून सगळं बुधवारवर टाकायचे.

मुलगी : म्हणजे ज्यांना मुळीच फोन नव्हता, त्यांच्यापेक्षा हे जास्त धोक्यात आले. आई, हे लेखात नाही. हे लेखात यायला हवं. फोन सुरू केला तर तो चुकवायचा नाही, चुकला तर त्याच दिवशी दुसऱ्यानं करायचा. हे कोणीतरी छापल्याशिवाय दुसऱ्या हॉस्पिटलांना कसं कळणार? पण त्यांची परवानगी लागेल, लेखी.

मावशी : तो फॉर्म मी नेला होता. डॉक्टरांनी सकाळीच दिला, लागला तर असू दे म्हणून. आजोबांनी सही केलीय. नाव नको, धंदा नको, नुसतं ‘एक रुग्ण’ लिहा म्हणाले.

आई : तुला काही बोलले नाहीत? तोडून, टाकून?

मावशी : नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. दोन्ही बुधवारी संध्याकाळपर्यंत फोनपाशी बसून होते, एवढंच सांगितलं. निघताना मी दारापर्यंत आले तेव्हा त्यांनी हाक मारली.

मुलगी : मी टिपून घेते. ‘एक रुग्ण पायावरील फोड दिसूनही पुढील फोनची वाट पाहत राहिला.’ असं चालेल?

मावशी : त्यासाठीच हाक मारली. साधारण असंच लिहितील, असं मी त्यांना सांगितलं होतं. म्हणाले, “वाट पाहत राहिला असं नका लिहू. म्हातारा खुळ्यासारखा बसून राहिला असं वाटतं. मला वाटलं, बाई आजारी असतील. तेवढं लिहा.”

मुलगी : तसं वाक्य जर्नलमध्ये बसत नाही, मावशी.

मावशी : ठाऊक आहे मला. मी त्यांना हो म्हणून आलेय.

आई : अगं, एक वाक्य तर आहे.

मुलगी : सांग. कसं म्हणाले ते, जसंच्या तसं.