माझी चावी लावून बघा

मी पेठकडची. आमच्याकडं डोंगर, भात आन् नागली, पीक निघालं की मजुरीला नाशिक. मी पण तशीच आले, डोक्यावर विटांची पाटी घेऊन. आता मी दारांना कुलपं बसवते. हसता काय? बाईनं कुलूप बसवू नाय असं कुठं लिहिलंय?

साइटवर दारांचे एक म्हातारे मिस्तरी व्हते, त्यांना कुलपातल्या बारीक पिना दिसायच्या नाय, सांडल्या की शिव्या घालायचे, तर एक दिवस मी पाटी खाली ठेवली आन् साऱ्या पिना वेचून दिल्या, नागली निवडलेले हात माझे. म्हणले पोरी, उद्यापासून विटा बंद. मुकादम म्हणला बाईमाणसाचं काम नाय हे. मिस्तरी म्हणले मग तू वेचून दाखव.

त्यांनीच शिकवलं. नव्या बिल्डिंगीत रंगवाला, फरशीवाला, सुतार, सगळ्यांना फ्लॅटमध्ये जावं लागतं, त्यांना मालकाची चावी कशी द्यायची? मग काय करतात, कुलपात पिनांची रांग असते ना, चावीच्या दात्यांनी त्या बरोबर उंचीला आल्या की मधला गोल गाभा फिरतो. त्यातल्या एका पिनेवर मोहरीएवढी पोलादी गोळी ठेवलेली असते. कामाची चावी त्या गोळीची उंची धरून कापलेली, साऱ्या फ्लॅटना एकच चालते. मालकानं आपली चावी पहिल्यांदा घालून फिरवली की गोळी गाभ्यातल्या वेगळ्या भोकात पडते, ती पडली की पडली. मग कामाची चावी आत जाते, फिरत नाय. कुलूप तेच, पण आमचा संबंध संपला.

तर काय सांगू तुम्हाला, दोन वर्षं झाली, पाथर्डी फाट्याकडची साइट. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी वास्तुशांतीसाठी चांदीची समई आन् ताट आणून ठेवलं व्हतं. सोमवारी ठेवलं, गुरुवारी बघतात तर नाय. सुपरवायझरनं सरळ माझं नाव घेतलं. कामाची चावी हिच्या कमरेला, कुलूप हिनंच बसवलेलं. गेटवर माझी पिशवी उलटी केली हो, सगळ्यांसमोर, डबा, पाने, पेचकस, सगळं मातीत. म्हणला कबूल कर, नायतर पोलिसाला बोलावतो. मी म्हणलं बोलवा. आत्ता बोलवा. पण आधी वर चला.

घरी दोन पोरी, उद्या त्यांना कुणी चोराची म्हणलं तर? पण वर गेले. बाईंना विचारलं, ताई, सोमवारी दार कुणी उघडलं? त्या म्हणल्या मीच, माझ्या चावीनं, जाताना लावलं पण मीच. मी म्हणलं झालं तर. कमरेची चावी काढली आन् सुपरवायझरच्या हातात दिली. घ्या साहेब, माझी चावी लावून बघा. त्यानं घातली, पिळली, दात खाल्ले, चावी वाकायला आली, कुलूप हललं नाय. शेजारच्या फ्लॅटला लावली, एका झटक्यात उघडलं. मग मी बाईंची चावी घेऊन कुलूप खोललं, गाभा बाहेर काढला आन् ती गोळी सुपरवायझरच्या तळहातावर ठेवली. म्हणलं ही सोमवारीच पडली, त्यानंतर मी ह्या दारातून कशी जाणार सांगा.

बाईंनी मग घरी फोन लावला. त्यांच्या दिरानं दुसरी चावी नेली व्हती, रिकाम्या घरात चांदी नको म्हणून समई-ताट आपल्या घरी नेऊन ठेवलं, सांगायचं राहून गेलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, हात धरला माझा. सुपरवायझर म्हणला जा, कामाला लाग. मी म्हणलं नाय. खाली गेटवर जेवढ्यांनी ऐकलं तेवढ्यांना बोलवा आन् सांगा, तवा हात लावीन. दुपारपर्यंत बसून राहिले पायरीवर. वीस दारं अडली. शेवटी आला, सगळ्यांसमोर म्हणला, चुकलं आमचं. पिशवीतलं सामान पण त्यालाच उचलायला लावलं.

आता मी स्वतःची कामं घेते, हाताखाली दोघी बाया हायेत, सुरगाण्याच्या. कुणी विचारतं बाई कुलूप बसवणार का, मी म्हणते बसवणार, तुम्हाला नको असेल तर दुसरं दार बघा. दारं लय हायेत नाशकात. ज्याच्या घराला माझा हात लागला, ते घर सुखात राहू दे.