पोचा आलेला डबा

—दुधाचा डबा, बाटली, बाटलीचं रबर, ग्राइप वॉटर, काजळाची डबी, पावडर, मध, आणि ते कसलंसं तेल. बस्स? एवढंच? अरे नारू, तीन दिवसांच्या पोराचं एवढ्यात कसं भागणार? छत्री घे, चपला घे, दाढीचं सामान घे, पुढेमागे लागणारच आहे. स्वतःच्या लग्नाच्या खरेदीला आलास तेव्हा एवढी मोठी यादी नव्हती तुझी. बस, बस त्या मिठाच्या गोणीवर. तुझ्या घराने माझ्याकडचं निम्मं मीठ माशांना चोळलंय, त्या गोणीवर तुझा हक्कच आहे. चंद्रा! ए चंद्रा! दोन कप चहा टाक गं, बंदरावरचा नारू आलाय, बाप झालाय! ...नाही, बहिरी नाही ती. उत्तर देत नाही, एवढंच. आता सवय झालीय मला.

तर काय, मुलगा? वा. आणि दिसतो कोणासारखा, तुझ्यासारखा? अरेरे. असू दे, बदलतात पुढे. बरं, आता एकेक करून बघू. काजळ कशाला? नजर लागू नये म्हणून? तीन दिवसांच्या लाल गोळ्याला कोणाची नजर लागतेय रे, लागायची तर गालाला तीट लाव, डोळ्यांत बोटं कशाला घालतोस, तीही जाळी ओढलेली बोटं? पावडर कशाला, सिनेमात जायचंय त्याला? मध कशाला? जीभ गोड होते म्हणून? तुझ्या आयने तुला पाजला होता ना मध, मग बघ बरं, झाली का गोड? काल लिलावात तू त्या दलालाला जे बोललास ते स्टेशनापर्यंत ऐकू आलं म्हणतात. आणि तेल— बेंबीला लावायला? बेंबीला काही लावायचं नसतं बाबा, ना तेल, ना राख, ना हळद. कोरडी ठेवायची, आपोआप गळून पडते. बघ, आताच चार वस्तू कमी झाल्या तुझ्या. दुकानदार माल घेऊ नको म्हणतोय, असं डहाणूत दुसरं दुकान दाखव मला.

आता डबा. डब्याचं सांग. बायकोला दूध नाही? आहे? मग? ...बोल की, लाजतोस काय, पोर काय पत्राने मागवलंस? अंगावर घेत नाही ती? घेत नाही, का घेऊ देत नाहीत? ...हां. हां, आता कळलं. पाचवी पूजल्याशिवाय आईचं दूध द्यायचं नाही. पहिलं दूध नासकं. पिवळं असतं, चिकट असतं, पोटात दिवस काढून शिळं झालेलं, ते पिळून टाकायचं. असं मालूबाय म्हणते. तुझी आय. बरं. नारू, मी एक विचारू? गेल्या वर्षी तुझ्या सासुरवाडीहून म्हशीचा चीक आला होता तेव्हा खरवस कोणी खाल्ला? तूच ना? बोटं चाटून चाटून वर मला सांगायला आला होतास— शेठ, काय चव, काय चव! तोही पहिल्या दिवसाचाच, तोही पिवळाच, तोही चिकटच. म्हणजे म्हशीचा चीक घोड्यासारख्या वाढलेल्या नारूला चालतो आणि आईचा चीक तिच्याच पोराला चालत नाही. आणि तुझी आय! अरे, मालूबाय कल्ला उघडून सांगते पापलेट आजचं की कालचं, सगळा बाजार तिच्या शब्दावर चालतो— तिला ताजं आणि शिळं यातला फरक मी काय सांगणार? तरी तिला कोणी तरी सांगायला हवं. तू सांगणार नाहीस, मला माहीत आहे. वादळात होडी घालशील, आयपुढे मात्र मांजर. रागावू नकोस. आपण सगळेच मांजरं असतो तिथे.

मग तीन दिवस पोर काय पितंय? साखरेचं पाणी, कापसाच्या बोळ्याने. कोण पाजतं? मालूबाय. किती वेळा? मागेल तेव्हा. आणि मागतं किती वेळा? ...मागत नाही? रडतच नाही? काय म्हणालास, पुन्हा म्हण. 'शहाणं आहे.' शहाणं आहे! तीन दिवसांत शहाणं झालं, मला पन्नाशी गाठेपर्यंत जमलं नाही. अरे, तू पाण्याच्या रंगावरून वारा कुठून उठणार ते सांगतोस, आणि स्वतःच्या पोराचं तोंड बघून एवढं कळत नाही? नुसतं झोपतं ना? उठवलं तरी पुन्हा झोपतं? पहिल्या दिवशी रडलं होतं— हो ना, गल्लीभर ऐकू गेलं होतं— आणि काल कमी, आणि आज नाही. फडकी किती ओली केली कालपासून? एक. एक! ओठ कसे आहेत, सुके? ...हसू नकोस. आता मीही हसत नाहीये. शहाणपण नाही रे ते. रडायला अंगात बळ लागतं.

डबे आहेत. वर काय बघतोस, दिसतायत तुला, नाहीत असं कुठे म्हणतोय. देणार नाही, एवढंच म्हणतोय. बस खाली. बस म्हणतो ना, एवढं एक ऐकून जा, घोटभर वेळ लागेल.

तलासरीला मोतीराम म्हणून एक दुकानदार होता. माझ्यासारखाच— चौथीत शाळा सुटलेली, पुड्या बांधायच्या रद्दीवरून वाचायला शिकलेला, त्यामुळे स्वतःला बॅरिस्टर समजणारा. त्या पट्ट्यात दुधाचे डबे पहिल्यांदा आणले ते त्याने. डब्यावर गुटगुटीत गोरं पोर, इतकं गोरं की त्याच्याकडे बघून आमच्या बायका आपली पोरं पदराआड लपवायच्या. चिकूच्या वाड्यांवरचे लोक गाडीतून यायचे डबे न्यायला. मोतीराम मिशीला पीळ देऊन उभा. त्याला मुलगी झाली, पहिलीच. बायको माहेरी जायची तर याने जाऊ दिली नाही— इथे काय कमी आहे, दुकानात सगळं आहे! आणि मोतीरामची आई म्हणजे तुझ्या मालूबायची थोरली बहीण शोभेल अशी. पाचवीपर्यंत गुळाचं पाणी. मुलगी दोन दिवस रडली, मग शहाणी झाली. सगळे म्हणाले, काय गुणाची पोर! पाचव्या दिवशी पूजा थाटात झाली, मग अंगाला लावली. लावली तर ओढायचं तिला सुधरेना. आणि आईला ताप भरलेला, छाती दगडासारखी घट्ट झालेली, हात लावला तरी ओरडायची. चार दिवस कोणी प्यायलंच नाही तर दूध थांबणार कशाला? ते काय मोतीरामच्या दुकानातलं मीठ आहे, गिऱ्हाइकाची वाट बघत गोणीत पडून राहायला? आटलं.

तरी मोतीराम घाबरला नाही. कशाला घाबरेल, घरात डबे! आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो, तुला माहीत नसेल. दुकानदाराच्या घरात काय शिजतं? फुटलेला नारळ. किडकी तूरडाळ. ओल लागलेली साखर. चांगलं ते फळीवर, खपत नाही ते चुलीवर. तुमच्यातही तेच की— पापलेट बर्फात घालून मुंबईला आणि घरी मांदेली. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. तर चारोटीच्या वळणावर लॉरी आपटली होती आणि एका डब्याला पोचा आला होता. मोठा पोचा, झाकणाच्या कडेपर्यंत. गिऱ्हाईक असल्या डब्याला हात लावत नाही. दोन महिने तो मागे पडून होता, पावसाळ्याचे दोन महिने. तो घरात नेला. हे बघ, त्यात लबाडी नव्हती, कंजूषपणाही नव्हता, हाताला सवयच तशी होती— नवा डबा फोडायचा घरासाठी, हे डोक्यातच येत नाही दुकानदाराच्या. झाकण काढलं तर आत भुकटीचे खडे झालेले. पाण्यात फोडले बोटाने. तिने वास घेतला, म्हणाली, अहो, हे कुबट येतंय. मी म्हटलं, विलायती दुधाचा वासच तसला असतो, तुला काय कळतंय त्यातलं—

...कोण मी? मी नाही, मोतीराम. मोतीराम म्हणाला. बोलण्याच्या ओघात होतं माणसाचं असं. तर दोन दिवस पाजलं. मग पोरीला जुलाब सुरू झाले. पाण्यासारखे. आणि त्या— त्या मोतीरामने काय करावं? अजून पाजलं. अंगातून जातंय तर भरून काढायला नको? एकामागून एक बाटल्या. आणि फळीवर अकरा डबे चांगले, चकचकीत, हात लांब केला तर लागतील एवढ्या अंतरावर. चंद्रा म्हणाली, त्यातला एक फोडा हो, मी पाया पडते तुमच्या—

...

नाही रे तलासरीला कोणी मोतीराम. कशाला असेल. बघतोस काय असा? चहाची वाट बघू नकोस, आता यायचा नाही. आतल्या खोलीत सगळं ऐकू जातं.

तर मुद्दा काय होता? मुद्दा तुझा होता. माझ्याकडे डबे आहेत, चांगले आहेत, एकालाही पोचा नाही, आणि ज्या पोराला आई नाही किंवा आईला खरंच दूध नाही त्याच्या घरी मी स्वतः नेऊन देतो आणि पाणी उकळून कसं घ्यायचं ते चुलीपाशी उभा राहून दाखवतो. विचार कोणालाही, चेष्टा करतात माझी, शेठ सुईण झालाय म्हणतात. म्हणू दे. पण तुझ्या बायकोला, वेणूला, दूध आहे. आज आहे. परवाचं मी सांगू शकत नाही. आज डबा दिला तर तिचं आटेल, मग जन्मभर— जन्मभर नाही, वर्षभर तुला डबाच लागेल, म्हणजे माझं गिऱ्हाईक पक्कं, किती चांगला धंदा! नको मला तो.

आता उपाय ऐक. आयशी भांडू नकोस, हरशील. आयला सांग, पाचवी आजच पूजायची. का? कारण बाहेरून कोणी शहाणा भेटला, त्याने सांगितलं. नाव माझं सांग, मला तिच्या शिव्यांची सवय आहे. सटवाई काय कॅलेंडर बघून येते? दोन दिवस आधी बोलावलं तर ती काय म्हणणार, मला सवड नाही? हा नारळ घे, ही सुपारी, हळदकुंकू, पाटावर ठेवायला कोरा कागद आणि बोरू— घे, हे सगळं घे, मघाच्या यादीपेक्षा हलकंच आहे. पण नारू, नीट ऐक, पूजा संध्याकाळी कर. दूध आत्ता. घरात पाऊल टाकलंस की आत्ता. हात धुवायला लाव साबणाने, पोराला उघडं करून आईच्या अंगाशी धरायला सांग, तळपायाला टिचकी मार, जागं कर, तोंडाला लाव. ओढत नसेल तर वाटीत पिळायचं, तेच पिवळं, तेच चिकट, आणि बोंडल्याने थेंब थेंब ओठांत सोडायचं— बोंडलं आहे घरात? हे घे, चांदीचं नाही, पितळेचं आहे, उकळून घे आधी. आणि तुझ्या बहिणीला, कमळीला, आधीच दवाखान्यात पळव नर्सबाईंना आणायला. त्या येतात. त्यांना मीठमासळी देऊ नकोस, तोंडावर फेकतात. जेवायच्या वेळेपर्यंत पोर गिळेनासं झालं तर त्यांचीही वाट बघू नकोस, उचल आणि दवाखान्याकडे चालायला लाग, आयला काय म्हणायचं ते म्हणू दे. पोर गेल्यावर ती रडेल, पण ते रडणं फार काही कामाचं नसतं, मी ऐकलंय.

ऊठ आता. अरे बाटली ठेव खाली, ती कशाला धरून बसलास? ...काय? काय म्हणालास? नाव काय होतं तिचं?

नाव कुठून असणार रे. बारसं बाराव्याला असतं, ती अकराव्याला गेली. चंद्राने मनात धरलं होतं एक. मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही, आणि आता तेरा वर्षांनी तू त्या गोणीवर बसून विचारतोयस— आणि तिकडे तुझं पोर उपाशी पडलंय! नीघ! पळ म्हणतो ना, पळ!