जुन्या कॉम्प्युटरवर वर काय देता?

माझी गोष्ट लिहून घेताय न्हवं, मग नाव लिहा, शालन. आडनाव राहू द्या, तहसीलच्या बाहेरची टायपिंगवाली शालनताई म्हनलं की शिरूरमधी कुनीबी आनून सोडंल तुम्हाला माझ्या टेबलापाशी. जन्म दौंडचा, रेल्वेच्या लायनीपलीकडं आमची एक खोली होती, वडील मालधक्क्यावर हमाल, आन् आईचा भांड्यांचा व्यापार. लिहिलं? शाळंत विचारलं तवा हेच सांगितलं, लग्न जमवताना हेच, सासरीबी हेच. आता तुमच्यापुढंबी तेच निघालं तोंडातनं, सवयच लागलीया.

आता व्यापार म्हंजी काय सांगू तुम्हाला, डोक्यावर स्टीलच्या भांड्यांचं टोपलं, पाठीला जुन्या कपड्यांचं गाठोडं, आन् रेल्वेच्या क्वार्टरात दारोदार हिंडायचं, भांडंयेऽऽ, जुन्या कपड्यावर भांडंयेऽऽ. बोहारीण होती आई. तीन पँटी आन् दोन शर्ट दिलं की एक डबा, लुगडं बरं असलं तर पातेलं, आन् सौदा जमला की बायका म्हनायच्याच, ते जमलं गं, पन वर काय देतीस? मग आई टोपल्याच्या तळातनं एक चमचा नायतर चहाची गाळणी काढायची. तो चमचा तिनं घरनं निघतानाच हिशोबात धरलेला असायचा, पन काढताना तोंड असं करायची, जसं काय पोरीच्या तोंडातला घास काढून देतीया. शाळंचं तोंड बघितलं न्हवतं तिनं, पन लुगडं उन्हाकडं धरलं की कुठं विरलंय ते झटक्यात सांगायची.

आन् तिचं एक होतं. भाव पाडायचा, वस्तूला नावं ठिवायची न्हाईत. माझी मावशी कवा कवा तिच्यासंगं जायची, ती एकदा एका बाईला म्हनली, अवो ही तर चिंधी हाय, हिच्यावर काय देऊ तुम्हाला. त्या बाईनं फाडकन् दार लावून घेतलं, ते पुन्हा आमच्यासाठी उघडलं न्हाई. घरी आल्यावर आई मावशीला लई बोलली. अगं ते लुगडं नेसून ती कुनाकुनाच्या लग्नाला गेली आसंल, किती लेकरं त्या पदरानं पुसली असतील, तुला काय ठावं? कमी देते म्हन, न्हाई परवडत म्हन, पन चिंधी म्हनू नगं.

आता हे मधीच निघालं म्हनून सांगते. मी सातवीत हुते. क्वार्टरातच माझी एक मैत्रीण होती, तिचे वडील रेल्वेत साहेब, तिच्याकडं अभ्यासाला गेलते. आम्ही पलंगावर बसलोय, आन् बाहेरनं आवाज आला, भांडंयेऽऽ. मैत्रिणीची आई म्हनली, बरं झालं बाई, बोहारीण आली, आन् हाक मारली तिनं. मला उठून कुठं जायला जागाच न्हवती. आई दारात टोपलं उतरवून बसली, वर बघितलं, आन् मी दिसले तिला. तिनं नजर अशी बाजूला नेली की जशी मी त्या घरातलीच कुनी पोरगी. बाहेर रस्त्याकडं बघत बसली कपडे येईस्तवर. मग कपडे बघितले, भाव केला, वर चमचा दिला, आन् गेली. संध्याकाळी भाकरी वाढली, पन त्याचा एक शब्द काढला न्हाई तिनं, आन् मीबी न्हाई. बावन्न वय हाय आता माझं, हे मी कुनालाच सांगितलं न्हवतं.

तर बारावीनंतर मी टायपिंग शिकले, मराठी तीस, मग चाळीस. लग्न होऊन शिरूरला आले, आमचे हे रांजणगावला कंपनीत, आन् मी तहसीलच्या बाहेर टेबल टाकलं. आधी टायपिंगचं मशीन होतं, खडखड खडखड. मग लोकं म्हनायला लागली, कॉम्प्युटरवर छान येतंय, तसं द्या, मग कॉम्प्युटर घेतला. मागं ढेरी आल्यागत मॉनिटर असायचा न्हाई का, तसला. त्याला हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला. रहिवासी दाखल्याचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वारसाचे अर्ज, केंदूरपासनं इनामगावपतूर मानसं यायची, आन् म्हनायची, ताई, तुमच्या हातचा अर्ज परत येत न्हाई. पोरीचं शिक्षन त्याच्यावर झालं माझ्या.

मग दर पाच-सहा वर्षांनी बदलावा लागायचा. बाजारपेठेत शकीलभाईचं दुकान हाय, मानूस सरळ, खोटं बोलनार न्हाई. पहिल्या वेळी त्यानं जुन्याचं एवढं दिलं की नव्याची निम्मी सोय झाली, मी तर पेढे दिले त्याला. दुसऱ्या वेळी निम्म्याचंबी निम्मं. तिसऱ्या वेळी म्हनला, ताई, राग मानू नका, प्रिंटरच्या शाईपुरते निघतील. मी म्हनलं, का वो, चालू तर हाय. तो म्हनला, चालू हाय पन घेनार कोन? लोकांना लॅपटॉप पायजे, न्हाईतर मोबाईलवर भागतंय, जुना डेस्कटॉप दुकानात ठिवला तर धूळ पुसायची मजुरी अंगावर.

मला ते लई लागलं बघा. लुगडं विरतंय, पातेलं चेपतंय, ते कळतं. ह्यो विरलाबी न्हवता आन् चेपलाबी न्हवता. काल जेवढं काम करत हुता तेवढंच आज करत हुता, तरी भाव खाली. आन् मग वाटायचं, शालन, तुझंबी हेच की गं. तुझी बोटं काल चाळीसच्या स्पीडनं चालत हुती, आजबी चालत्यात, पन पोरं मोबाईलमधी नुसतं बोलत्यात आन् मराठी आपोआप उमटतंय. मग आपला भाव काय राहिला? शेजारच्या टेबलावरचे आप्पा उठून गेले, त्यांच्या जागंवर आता झेरॉक्सवाला हाय. मी एकलीच राहिले जुनी.

यंदा तर असं झालं, की अर्ज भरायची साईटच माझ्या कॉम्प्युटरवर उघडंना. शकीलभाईला बोलावलं. तो म्हनला, ताई, नवी सिस्टीम ह्याच्यावर बसत न्हाई, मशीनच बदला. साईट उघडली न्हाई तर टेबल मांडून काय माशा मारायच्या? दोन दिवस मी घरी बसले. न्हाई उघडत तर जाऊ दे, बंद करावं म्हनून सगळं मनात ठरलं हुतं.

आई माझ्याकडंच असती आता, वडील गेल्यापासनं. ऐंशीच्या पुढं गेली, पन कान तिखट. तिनं सगळं ऐकलं, आन् म्हनली, जुन्यावर नवंच घ्यायचं न्हवं? मग रडतीस काय, चल, मी येते. आन् तिनं काय केलं, एक जुनं लुगडं पसरलं, त्याच्यात तो कॉम्प्युटर ठिवला, आन् चार टोकांची अशी गाठ मारली, पाठीवर टाकायची तशीच. रिक्षात मांडीवर धरून बसली सबंध रस्ता.

दुकानात गर्दी होती. शकीलभाई कामात हुता, त्यानं गाठोडं सोडलेलं नुसतं बघितलं आन् म्हनला, ताई, ह्याचं आता भंगारच, किलोवर जाईल. तो वाईट न्हाई वो, खरं तेच बोलला. पन आई काउंटरला हात टेकून म्हनली, ए बाबा, चालू हाय का बंद? चालू हाय आजी. मग भंगार कसं? त्याच्यावर हिची लेक शिकली. भाव तुला वाटंल तेवढा पाड, तुझा धंदा हाय, मी काय म्हनत न्हाई. पन मानूस पुढ्यात उभं असताना त्याच्या वस्तूला नावं ठिवू नगं.

शकीलभाई कसनुसा हसला, म्हनला, चुकलं आजी. तुम्ही काय धंदा करत हुता?

काय सांगू तुम्हाला, माझं तोंड उघडलं, आन् भांड्यांचा, एवढं निघालंसुद्धा. आन् आईनं काय केलं, नजर बाजूला नेली आन् बाहेर रस्त्याकडं बघाय लागली. तशीच. चाळीस वर्षांपूर्वी त्या क्वार्टरच्या दारात बघत हुती तशीच, म्हंजी मला खोटं बोलायला मोकळीक. मी म्हनलं, भाई, माझी आई बोहारीण हुती. दौंडला दारोदार जुन्या कपड्यावर भांडी द्यायची. तिनं टोपलं वाहिलं म्हनून मी टायपिंग शिकले. एवढ्या मोठ्यानं बोलले की बाहेरचा रसवाला वळून बघाय लागला.

आईनं काय माझ्याकडं बघितलं न्हाई. शकीलभाई म्हनला, मग तर तुमच्यापुढं भाव करायची माझी छाती न्हाई आजी, पन खरंच सांगतो, पाचशेच्या वर जात न्हाई. आई म्हनली, पाचशे तर पाचशे, दिला. आन् मग पदर खोचून, मान तिरकी करून, अगदी त्या क्वार्टरातल्या बायकांसारखी म्हनली, ते जमलं, पन वर काय देतोस?

तो इतका हसला, इतका हसला. ड्रॉवर उघडून माऊसखाली घालायचं ते पॅड काढलं, निळं, नवंकोरं, दोन्ही हातांनी दिलं तिला. रिक्षात ती ते उलटंपालटं करत हुती. म्हनली, जन्मभर मीच वर दिलं गं, मला कुनी दिलं न्हवतं.

आता नव्या कॉम्प्युटरवर साईट उघडती. उद्या ह्याचाबी भाव पडंल, मला ठावं हाय, माझाबी पडंल, पडू द्या. आधी फाटकं रेशनकार्ड घेऊन कुनी म्हातारं आलं की मी म्हनायचे, हे काय चालत न्हाई. आता म्हनते, आबा, लई वर्षं सांभाळलंत, बसा, नव्या कार्डाचा अर्ज करू. आई सकाळची येऊन शेजारी बसती, चहाचा कप त्या निळ्या पॅडवर ठिवती, मला माऊसखाली घालू देत न्हाई. शकीलभाईचं भलं होवो, तुमचंबी होवो, एवढं ऐकून घेतलंत.

आन् ते सुरवातीला लिहिलंय ना, आईचा भांड्यांचा व्यापार, ते खोडा. बोहारीण लिहा, ठळक. कागदावर खाडाखोड झाली की शेजारी सही लागती, न्हाईतर अर्ज परत येतो. आना इकडं, मी करते सही.