वाळल्याबिगर बसायचं न्हाई

हां हां, आप्पासो, हात मागं! बोट लावू नका म्हनलं न्हवं? — लावलंच का. बघा, उठला अंगठ्याचा ठसा. न्हाई न्हाई, रागावलो न्हाई, पुसतो मी, पन आता कळलं न्हवं, खुर्च्या आज का देत न्हाई ते? जुनं पॉलिश समदं तासून काडलंय, त्यावर जवसाचं तेल — चिंधीनं चोळायचं, अर्ध्या तासानं पुसायचं, मग चार-पाच दिस नुसतं वाऱ्याला ठेवायचं. काल कुठं दुसरा हात दिलाय. आन तुमी म्हनताय, उद्या विजयमालाला बघाया पावनं येनार, टाक बैलगाडीत! टाकाया काय कांद्याची पोती हायती व्हय?

काय? वरनं चादर घालू? घाला की. चादर तेल पिती, चादरीचं पावन्याच्या धोतराला लागतं. मला नगा सांगू, हे समदं करून बसलोय मी. व्हय, मीच, दस्तगीर सुतार, उभ्या लोनंदात ज्याच्या रंध्याचं नाव — कोयनेचा भूकंप झाला त्या सालची गोष्ट, आमच्या नूरजहांला बघाया मिरजंचं पावनं येनार हुतं. सुताराचं घर, आन बसाया धड बाकडं न्हाई! केलं घाईघाईनं. जवसाचं तेल संपलेलं, बाजारात मिळंना, मग उचलला चुलीम्होरचा शेंगतेलाचा डबा. बायकू वरडली, मी म्हनलं, तेल ते तेल. आता शेंगतेल कवा वाळतंय का? त्यात भजी तळायची, आप्पासो, बाकडं न्हाई. पाच पावनं, पाची पायजमं पांढरंफेक. चा झाला, पोरगी पसंत पडली — व्हय, पसंत! पोराच्या बापानं तोंडानं सांगितलं — आन उठली की वळीनं समदी, तर मागं पाचीच्या हे एवढं एवढं पिवळं डाग!

त्यानं मोडलं? छ्या, डागानं कुठं लगीन मोडतंय, डाग धुतला की जातोय. कुनीतरी हसलं. लय मोठ्यानं हसलं. पोराचा बाप म्हनला, घरी बोलवून थट्टा करता व्हय — चपला घातल्या न् गेलं. कोन हसलं? गल्लीतली मानसं... म्हंजी मी तसंच सांगतो समद्यास्नी. — मी हसलो, आप्पासो. आलं हसू, दाबाया जमलं न्हाई. सात वर्सं झाली, नूर एका शब्दानं बोलली न्हाई त्यावरनं. भांडली असती तर बरं झालं असतं.

जाऊ द्या. तुमी असं करा, तेच बाकडं न्या. आवं, घाबरू नका, तवाच तासलं, जवसाचं तेल दिलं, दर साली एक हात देतोय. कोरडं ठनठनीत! कोन बसलंय न्हाई त्यावर अजून — ठेवलं हुतं, दुसरं पावनं येतील म्हनून. आता पोरगी तिशीला आली, कशाला आडवून ठेवायचं? तुमच्या पोरीचं तरी भलं हुईल. नूर! अगं नूर, बाकडं भाईर काडायचंय, धर एका अंगानं. आप्पासोच्या घरी द्यायचंय, उद्या पावनं हायती त्यांच्यात.

धर की गं. — अगं, धर म्हनलं, बस न्हाई म्हनलं. ऊठ. बैलगाडी खोळंबलीया, ऊठ... नूर?

आप्पासो, घरात सतरंजी असंल न्हवं? तीच हातरा उद्या. जावा तुमी.