प्रियाखिनचा तोच गोल

...नाही, तुम्हीच सांगा, अंघोळीला गेलेल्या माणसाला तरी सोडाल की नाही! गावच्या वाफेच्या न्हाणीत स्वतःचा हात स्वतःला दिसत नाही, सगळे उघडेबंब, तरी कोपऱ्यातनं कोणतरी बोंबलणारच, "अरे, हा तर प्रियाखिन! सेल्फ गोलवाला! ये राजा, पाठ झोडतो तुझी!" आणि न्हाणीतल्या रीतीप्रमाणे बर्चच्या फांद्यांनी फटाफटा झोडतात, प्रेमानं हां, आणि आमचे पप्पा हसतात... हसतात! माझं टाळकं सटकतं. तुम्हाला सांगतो, पंधरा वर्षं डिफेंडर म्हणून खेळला माणूस, गुडघ्याचा भुगा केला, आणि आठवतं काय? एक चेंडू! फायनलला, शेवटच्या मिनिटाला, आपल्याच जाळीत!

परवा पप्पांना त्यांच्या जुन्या क्लबच्या डायरेक्टरचा फोन, गोडगोड, "सावेली इल्यिच, रविवारी या हं, पोरं वाट बघतायत." पोरं! झालं, पप्पांना वाटलं कोचची नोकरी. क्लब सुटल्यापासून गोदामात पोती उचलतोय माणूस, मागणं काय, तर पोरांना बचाव शिकवायचा! निघताना रीतीप्रमाणे तिघं दाराशी गप्प बसलो, उठलो, जिना उतरलो आणि... खेळायचे बूट घरातच! परत वर. मम्मी किंचाळली, "आरशात बघ आधी! मागं फिरलास, काम फिसकटेल!" पप्पांनी बघितलं, वर जीभसुद्धा दाखवली. मी म्हटलं, "पप्पा, आरसा घाबरला." टपली बसली. पण खुशीतली हो!

आणि तिथं काय? मध्यंतर, हातभर उंचीचं एक पोरगं चेंडू घेऊन उभं, आणि डायरेक्टर माइकवर, "आपला लाडका प्रियाखिन! तोच गोल, पुन्हा एकदा!" कानात म्हणतो, "ढकला आत, जरा हसा, सोमवारी कोचचं बघू." स्टेडियम नुसतं पेटलं! सूर्यफुलाच्या बिया चघळायच्या थांबवून लोक नाव घेतायत... पंधरा वर्षं खेळला, आणि नाव कशासाठी? त्याच एका चेंडूसाठी!

पोरानं जाळीकडं चेंडू मारला. पप्पा धावले. नुसतं पायाचं बोट लावायचं होतं हो! आणि हा माणूस... तो मोडका गुडघा घेऊन घसरला, गोलरेषेवरनं चेंडू पायानं उचलला आणि भिरकावला थेट प्रेक्षकांत! काय बचाव होता! मी उभा राहून टाळ्या पिटतोय. एकटा. बाकी सगळं स्टेडियम शिट्ट्या मारतंय, "हूऽऽ! फसवलं!" डायरेक्टर लालबुंद, "लोकांचा विरस केलात, सावेली इल्यिच! आता कसली नोकरी?" पप्पा गवत झटकत म्हणाले, "काय करू... पाय आपोआप गेला."

मी काय करणार? डायरेक्टरच्या गाडीच्या हीटरमध्ये सुका मासा कोंबला. उन्हाळ्यापर्यंत वास जायचा नाही, एवढंच समाधान.

आणि ट्रामच्या थांब्यावर बिया विकणारी एक आजी, पप्पांकडं बघून अशी हळहळली, अशी हळहळली... "अगंबाई, पूर्वीचा प्रियाखिन राहिला नाही रे... आता स्वतःच्या जाळीतसुद्धा जमत नाही बिचाऱ्याला!"